उमेदीची वर्षे मोजायची कुठून?

रसायनशास्त्रात संशोधनाची सुरुवात केलेल्या महिलांसाठी असलेल्या एका पुरस्काराचा अर्ज भरायला माझी विद्यार्थिनी गेल्या शनिवारी दुपारी घरी आली. विद्यार्थिनी म्हणणे आता तितकेसे बरोबर नाही. तिची पीएच.डी. होऊन तीन वर्षे झाली आहेत, सोलापूर जिल्ह्यातल्याच एका अनुदानित महाविद्यालयात ती सहायक प्राध्यापक आहे आणि तिला दोन मुले आहेत. तरीही ती मला मॅडमच म्हणते आणि मी तिला एकेरीत हाक मारते, त्यामुळे नाते जुनेच राहिले आहे. अर्ज नऊ पानांचा होता. पहिल्याच पानावरचा तिसरा रकाना जन्मतारखेचा होता आणि आमची अर्धी दुपार त्या रकान्यापाशी गेली.

अट अशी होती की, ठरलेल्या तारखेला अर्जदार महिलेची वयाची ३८ वर्षे पूर्ण झालेली नसावीत. तिची ३८ वर्षे त्या तारखेनंतर अकरा आठवड्यांनी पूर्ण होतात. म्हणजे या पुरस्कारासाठीचा तिचा हा पहिला अर्ज आणि हाच शेवटचा. "मॅडम, आत्ता कुठे सुरुवात केली म्हणायची, तर तेवढ्यात संपलंसुद्धा?" असे ती हसत म्हणाली, पण माझ्याच्याने हसवले नाही, कारण हा हिशोब मी स्वतः एकदा करून बसले होते.

ज्याला इंग्रजीच्या वळणाने आपण 'अर्ली करिअर' म्हणतो, त्याला मराठीत उमेदीची वर्षे हा चांगला शब्द आहे. या शब्दात वयाचा उल्लेख नाही, हे त्या दुपारी मला प्रथमच नीट जाणवले. उमेद माणसाला कामाला लागल्यावर येते आणि कामाला लागण्याचे वय सगळ्यांचे सारखे नसते. माझ्या विद्यार्थिनीचे उदाहरण घ्या. एम.एस्सी. बाविसाव्या वर्षी झाले आणि पुढच्याच वर्षी ती सेट, म्हणजे प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा, उत्तीर्ण झाली. प्राध्यापकभरती वर्षानुवर्षे थांबलेली असल्याने त्यानंतरची वर्षे तासिका तत्त्वावर गेली. त्यात दोन महाविद्यालयांत मिळून आठवड्याचे तास भरायचे, सुट्टीच्या महिन्यांत मानधन नाही आणि जूनमध्ये पुन्हा नव्याने मुलाखत. चोविसाव्या वर्षी लग्न झाले, सव्विसाव्या वर्षी पहिले मूल. पीएच.डी.ची नोंदणी अठ्ठाविसाव्या वर्षी झाली, मध्ये दुसरे बाळंतपण आले आणि पदवी हाती पडली तेव्हा ती चौतीस वर्षांची होती. कायम नोकरी त्याच्याही नंतर वर्षभराने मिळाली. ज्याला स्वतःचे संशोधन म्हणता येईल ते या नोकरीनंतर सुरू झाले. तेव्हा उमेदीची वर्षे तिथून मोजली तर ती पुरती तीनही झालेली नाहीत, आणि जन्मतारखेवरून मोजली तर संपत आली आहेत.

माझी गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती जुनी झाली आहे. माझी पीएच.डी. एकोणचाळिसाव्या वर्षी झाली. माझे काम सेंद्रिय संश्लेषणाचे होते आणि ज्यांनी सोलापुरात मे महिन्यात कॉलम, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगळे करणारी सिलिका भरलेली काचनळी, लावला आहे त्यांनाच त्याचा अर्थ कळेल. त्यात ओतायचा डायक्लोरोमिथेन हा द्रावक ४० अंशांच्या आतच उकळतो आणि आमच्याकडे दुपारचा पारा त्याच्या पुढे असतो. सिलिकाच्या थरात बुडबुडे धरतात, थराला चिरा पडतात आणि आठवड्याची मेहनत एका परीक्षानळीत एकत्र होऊन खाली येते. म्हणून मी पहाटे साडेपाचला प्रयोगशाळा उघडून घेत असे. त्या कामावर मी ज्या पुरस्कारासाठी अर्ज केला त्याची मर्यादा ४० वर्षांची होती आणि माझे वय तेव्हा चाळीस वर्षे सात महिने होते. सवलतीच्या रकान्यात मी बाळंतपणाची आणि तासिका तत्त्वाची वर्षे लिहिली होती. उत्तर एका ओळीचे आले: वयोमर्यादेत बसत नाही. संस्थेचे नाव मी इथे लिहीत नाही. नियम छापलेला होता आणि तो त्यांनी पाळला, एवढेच.

महिलांसाठी वेगळा पुरस्कार मुळात असावाच का, हा प्रश्न आमच्या विभागात दरवर्षी निघतो. एक सहकारी त्याला लेडीज डबा म्हणतात. मला ती उपमा त्यांना वाटते तितकी वाईट वाटत नाही. सिद्धेश्वर एक्स्प्रेसचा लेडीज डबाही मुंबईलाच जातो, त्याच वेळी पोहोचतो आणि त्याचे तिकीट स्वस्त नसते. त्या डब्यात फक्त चढता येते. पण सर्वसाधारण डब्यात बायका किती चढल्या याचा दाखला हवा असेल तर विज्ञानातल्या मानाच्या भटनागर पुरस्काराची रसायनशास्त्राची यादी पाहावी. या पुरस्काराला ४५ वर्षांची मर्यादा होती. १९६१ साली असीमा चटर्जी यांना तो मिळाला. कोलकाता विद्यापीठाची डी.एस्सी. त्यांनी १९४४ साली मिळवली होती, सदाफुलीच्या कुळातील अल्कलॉइडांवर आणि भारतीय औषधी वनस्पतींवर त्यांचे काम होते, आणि पुरस्काराच्या वेळी त्या चव्वेचाळिशीच्या आसपास, म्हणजे मर्यादेच्या अगदी काठावर होत्या. त्यानंतर रसायनशास्त्राच्या यादीत स्त्रीचे नाव आले ते २०१३ साली, यमुना कृष्णन यांचे. मध्ये ५२ वर्षे गेली. त्यानंतरचे नाव २०२० साली ज्योतिर्मयी दाश यांचे. या ५२ वर्षांत भारतात रसायनशास्त्रात काम करणाऱ्या बायका नव्हत्या असे कोणी म्हणणार नाही.

त्यातल्या एक दर्शन रंगनाथन. पेप्टाइडांच्या, म्हणजे अमिनो आम्लांच्या साखळ्यांच्या, रसायनशास्त्रातले त्यांचे काम आजही संदर्भाला येते. त्यांचे पती आयआयटी कानपूरमध्ये प्राध्यापक होते, आणि पती-पत्नी दोघांनी एकाच संस्थेत अध्यापकपदावर नसावे असा तेव्हाचा अलिखित रिवाज होता. दर्शन यांनी त्या संस्थेत अनेक वर्षे संशोधन केले ते शिष्यवृत्त्यांच्या आधारावर, प्राध्यापक म्हणून नाही. त्यांच्याविषयी मी विद्यार्थिनीला सांगितले, कारण अर्जाच्या दुसऱ्या पानावर 'कायम पदावर नियुक्तीचा दिनांक' असा रकाना होता. तो रिकामा असेल तर अर्ज पुढे जात नाही. म्हणजे तासिका तत्त्वावर दहा वर्षे शिकवून, सुट्टीच्या दिवशी प्रयोगशाळेत येऊन, स्वतःच्या पैशाने एनएमआरची (रेणूची रचना तपासण्याच्या चाचणीची) सॅम्पल पुण्याला पाठवून ज्या बाईने चार चांगले शोधनिबंध लिहिले तिला हा रकाना बाहेरच थांबवतो. जन्मतारखेच्या रकान्याहून मला हा रकाना अधिक खुपतो, कारण वय निदान कोणाच्या हातात नसते. भरती थांबवणे मात्र कोणाच्या तरी हातात असते.

कमला सोहोनींची गोष्ट मराठी वाचकांना ठाऊक असते, पण ती बहुधा अर्धीच सांगितली जाते. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला पहिल्या येऊनही बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला आणि त्या हटून बसल्यावर तो दिला, इथे ती गोष्ट थांबते. प्रवेश कोणत्या अटीवर दिला ते महत्त्वाचे आहे: पहिले वर्ष त्या नियमित विद्यार्थिनी मानल्या जाणार नव्हत्या, कामाचा दर्जा पाहून मग ठरणार होते. म्हणजे त्यांच्या उमेदीच्या वर्षांतले एक वर्ष हिशोबात धरलेच गेले नव्हते. पुढे केंब्रिजला वनस्पतींच्या पेशींतील सायटोक्रोम सी हे श्वसनाला लागणारे प्रथिन त्यांनी शोधले आणि १९३९ साली अवघ्या चाळीस पानांच्या प्रबंधावर पीएच.डी. मिळवली. न धरलेल्या वर्षाचे हे उदाहरण मी आमच्या सहकाऱ्यांना नेहमी देते. त्यांना ते कंटाळवाणे वाटत असावे.

विद्यार्थिनीचे काम उत्प्रेरणाचे, म्हणजे स्वतः न संपता रासायनिक अभिक्रिया वेगाने घडवणाऱ्या पदार्थांचे, असल्यामुळे तिला मी आणखी एका पुरस्काराविषयी सांगितले. बर्लिनमधला उत्प्रेरण संशोधनाचा एक मोठा समूह या विषयात सुरुवात करणाऱ्या स्त्री-संशोधकांना क्लारा इमरवार यांच्या नावाने १५,००० युरोंचा पुरस्कार देतो. क्लारा यांनी १९०० साली ब्रेस्लाउ विद्यापीठातून भौतिक रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. त्या विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवणारी ती पहिली स्त्री. पुढच्याच वर्षी फ्रिट्स हाबर यांच्याशी लग्न झाले, आणि अमोनियाच्या संश्लेषणामुळे हाबर यांचे नाव जगभर होत असताना क्लारा यांचे संशोधन थांबले ते थांबलेच. १९०९ साली त्यांनी आपल्या जुन्या मार्गदर्शकांना पत्र लिहिले होते. या आठ वर्षांत फ्रिट्सने जे मिळवले तेवढेच, किंबहुना त्याहून अधिक आपण गमावले, असा त्याचा आशय आहे. त्यांचा शेवट हाबर यांच्या देखरेखीखाली झालेल्या १९१५ सालच्या क्लोरीन वायूच्या हल्ल्यानंतर काही दिवसांतच झाला आणि लोक त्यांना त्या शेवटासाठी ओळखतात. मला ते पत्र जास्त महत्त्वाचे वाटते. ज्या बाईची उमेदीची वर्षे लग्नानंतर कोणी मोजलीच नाहीत, तिच्या नावाने उमेदीच्या वर्षांचा पुरस्कार असावा, हे ज्या कोणाला सुचले त्याला बरेच काही कळले होते.

आता तिच्या कामाविषयी, कारण अर्जाची पाच पाने त्यासाठी होती आणि मला सर्वांत जास्त आनंद त्यातच होता. सोलापुरात टॉवेल आणि चादरी होतात म्हणजे रंगकाम होते, आणि रंगकाम होते म्हणजे रंगीत सांडपाणी होते. सुती धाग्यासाठी जे रिॲक्टिव्ह रंग वापरतात ते धाग्यातल्या सेल्युलोजशी रासायनिक बंध जोडतात, म्हणून पक्के बसतात. पण त्यातला काही भाग सेल्युलोजऐवजी पाण्याशीच संयोग पावतो आणि असा निकामी झालेला रंग धुण्याच्या पाण्याबरोबर बाहेर जातो. रंग धाग्याकडे ढकलला जावा म्हणून भरपूर मीठ घालतात, बंध जोडला जावा म्हणून सोडा घालतात, आणि हे दोन्हीही त्याच पाण्यातून बाहेर येतात. या पाण्यातला रंग सूर्यप्रकाश आणि उत्प्रेरक यांच्या साहाय्याने मोडायचा, हा तिचा विषय.

विषय नवा नाही. टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पडला की त्यातून अत्यंत क्रियाशील हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात आणि ते रंगाचा रेणू तोडतात, हे जुने ज्ञान आहे. अडचण अशी की, त्याचा पट्ट-भेद, म्हणजे त्याला कामाला लावायला प्रकाशाकडून लागणारी किमान ऊर्जा, सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट असल्याने त्याला ३८७ नॅनोमीटरच्या आतला अतिनील प्रकाश लागतो आणि जमिनीवर पोहोचणाऱ्या उन्हात अतिनील भाग जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास असतो. सोलापूरच्या उन्हाला कोणीही कमी म्हणणार नाही, पण त्यातले बहुतेक ऊन या उत्प्रेरकाच्या उपयोगाचे नसते. म्हणून जगभर लोक त्यात दुसरी मूलद्रव्ये मिसळून दृश्य प्रकाश वापरण्याचा प्रयत्न करतात, आणि त्यांतले असंख्य शोधनिबंध ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवलेल्या मिथिलीन ब्लू या निळ्या रंगावर आधारलेले असतात. मिथिलीन ब्लू स्वतःच प्रकाश शोषतो आणि उत्प्रेरकाने फारसे काही न करताही फिका पडू शकतो. शिवाय रंग जाणे म्हणजे रेणू संपणे नव्हे. रेणूचा रंग देणारा भाग तुटतो आणि उरलेले तुकडे बिनरंगाने पाण्यातच राहतात.

तिने काय केले, तर अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीतल्या एका रंगशाळेतून खऱ्या सांडपाण्याचे कॅन भरून आणले. आपला उत्प्रेरक तिने त्यात घातला, गच्चीवर परातीत ते ऊन खात ठेवले आणि रंगाबरोबर सीओडीही मोजली. सीओडी म्हणजे पाण्यातले सेंद्रिय द्रव्य डायक्रोमेटने जाळायला किती ऑक्सिजन लागला असता त्याचे माप. आम्ही वापरतो त्या पद्धतीत सॅम्पल आम्लात दोन तास उकळावे लागते, आणि तेवढा वेळ कंडेन्सरमधून गार पाणी फिरत राहावे लागते. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येते. तेव्हा कूलरचा छोटा पंप, बादली आणि पार्क चौकातून आणलेला बर्फ अशी व्यवस्था तिने बसवली. दुसरी अडचण मिठाची: क्लोराइडमुळे सीओडीचा आकडा खोटा फुगतो, म्हणून पाऱ्याचा क्षार घालून ते बांधून ठेवावे लागते, आणि मग तो पारा असलेला कचरा गटारात न टाकता बाटल्यांत साठवावा लागतो. तिच्या कपाटात अशा बाटल्यांची रांग आहे.

ऊर्ध्वपातित पाण्यात तासाभरात रंग घालवणारा तिचा उत्प्रेरक खऱ्या सांडपाण्यात दिवसभर रेंगाळला. मीठ आणि सोडा हायड्रॉक्सिल रॅडिकल गिळतात, हे त्याचे मुख्य कारण. संध्याकाळी रंग गेलेला असे, पण सीओडी निम्म्याहून अधिक शिल्लक राही. हा निष्कर्ष तिने दडवला नाही. त्यावरच पुढचे काम उभे केले, आणि मला ते तिच्या आधीच्या तीन शोधनिबंधांपेक्षा मोलाचे वाटते. पुरस्काराच्या परीक्षकांना तसे वाटेल का, हा वेगळा प्रश्न.

वयाच्या अटीकडे पुन्हा येते. मर्यादा असू नये असे मी म्हणत नाही. मर्यादा काढली तर दहा विद्यार्थी आणि दोन प्रकल्प हाताशी असलेल्या ज्येष्ठ बाई नवख्या बाईच्या शेजारी अर्ज करतील आणि निकाल आधीच ठरलेला असेल. प्रश्न मोजणीच्या आरंभबिंदूचा आहे. युरोपियन रिसर्च कौन्सिलच्या सुरुवातीच्या अनुदानाची पात्रता पीएच.डी.च्या तारखेपासून मोजली जाते, आणि आईसाठी प्रत्येक मुलामागे १८ महिने वाढवून देण्याचा नियम त्यांनी वर्षानुवर्षे चालवला. लंडनची रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्री सुरुवातीच्या टप्प्यावरच्या पारितोषिकांसाठी पूर्णवेळ कामाची वर्षे पाहते. आपल्याकडेही विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने खंड पडलेल्या महिलांसाठी जी योजना काढली तिच्यात वयाची मर्यादा २७ ते ५७ अशी ऐसपैस होती. म्हणजे खंड पडतो हे सरकारला कळत नाही असे नाही. पण ती योजना परत येऊ पाहणाऱ्यांसाठी, आणि पुरस्कार न थांबलेल्यांसाठी, अशी विभागणी होऊन बसली आहे. विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळाच्या महिला उत्कृष्टता पुरस्काराला ४० वर्षांची मर्यादा तर होतीच, शिवाय राष्ट्रीय अकादमीचे तरुण शास्त्रज्ञ पदक किंवा तत्सम मान आधी मिळालेला असावा अशी अट होती. जिथे एका पुरस्काराचे तिकीट दुसऱ्या पुरस्कारावर मिळते, तिथे पहिला कोणता, हे जिल्ह्याच्या ठिकाणच्या बाईने कोणाला विचारायचे?

पीएच.डी.ची तारीख विद्यापीठाच्या अधिसूचनेवर असते. ती तपासणे दहावीच्या प्रमाणपत्रावरची जन्मतारीख तपासण्याइतकेच सोपे आहे. तेव्हा सोयीचे कारण पुढे करण्यात अर्थ नाही.

'कारकिर्दीतील खंड' या रकान्यात काय लिहायचे यावर आमचा थोडा वाद झाला. ती म्हणाली, खंड नाही. बाळंतपणाच्या रजेतही ती टिपणे काढत होती आणि तासिका तत्त्वावरची वर्षे तर कामाचीच होती. मी म्हटले, अगं, लिही, नाहीतर परीक्षकांना वाटेल की एवढ्या वर्षांत एवढेच केले. शेवटी तिने महिने लिहिले आणि खाली एक ओळ घातली: या काळात अध्यापन सुरू होते. त्या एका ओळीत तिचा स्वभाव आला.

'उमेदवाराचे स्वतंत्र योगदान' या रकान्यासाठी मलाच पत्र द्यायचे होते. असे पत्र लिहिताना मार्गदर्शकाची खरी परीक्षा होते. उत्प्रेरकाची कल्पना माझी होती. खरे सांडपाणी आणण्याची कल्पना तिची, आणि सुरुवातीला मी तिला त्यापासून परावृत्त करत होते, कारण त्यातून छापण्याजोगे काही हाती लागणार नाही असे मला वाटत होते. पत्रात मी हे तसेच लिहिले. अशा पत्रांतून मार्गदर्शकाची चूक सहसा येत नाही, त्यामुळे ते वाचून ती जरा अवघडली.

संध्याकाळी सहाच्या सुमारास अडीचशे शब्दांच्या सारांशापाशी आलो. तिने पहिलेच वाक्य असे लिहिले होते की, मिथिलीन ब्लूवर मिळालेले यश प्रत्यक्ष सांडपाण्यात टिकले नाही. मी ते खोडून शेवटच्या परिच्छेदात टाकले. अपयशाने सुरुवात करू नये, परीक्षक पहिली तीन वाक्ये वाचतात, असा माझा अनुभव सांगितला. तिने ऐकून घेतले, चहाचे कप आत नेऊन ठेवले, परत येऊन बसली आणि ते वाक्य उचलून पुन्हा पहिल्या जागी ठेवले. अर्ज तसाच गेला. निकालाला पाच-सहा महिने आहेत. सोमवारी नळाला पाणी येणार असल्यामुळे तिने सीओडीची चार सॅम्पल त्या दिवसासाठी राखून ठेवली आहेत.